दहाचा लाल, पाचचा खाकी

ज्या माणसानं चौतीस वर्षं खांबावर चढून गावोगावच्या लाईनी जोडल्या, त्यानं महिन्यातून तीन-तीनदा मले फोन करून सांगावं, "माय, फ्यूज उडाला, येऊन जा," तर माह्या डोक्यात पहिल्याच महिन्यात उजेड पडायला पाहिजे होता. नाही पडला. उलट गाडी सुरू करता करता मी पुटपुटायची, काय म्हातारा आहे बावा, नाकात दम आणला यानं.

मी दीपमाला. शेंदूरजनाघाटात स्टँडच्या मागं माहं सोलरचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, दोन टेबलं अन् बाहेर भिंतीले टेकवलेलं कोणाचं तरी फुटकं पॅनल. अमरावतीले आयटीआय केलं. वायरमनच्या ट्रेडले आमी दोघीच पोरी होतो, दुसरीनं लग्नानंतर सोडून दिलं. मी नाही सोडलं. लोक अजूनही दुकानात येऊन विचारतात, "मिस्त्री कुठी गेला?" मी म्हणते, मिस्त्री तुमच्यासमोर बसून राहिली, बोला. माही जीभ तिखट आहे हे मले माहीत आहे, कोणी सांगायची गरज नाही.

जानरावकाका रिटायर्ड लाईनमन. गावापासून चार किलोमीटरवर, डोंगराच्या अंगानं त्यांचं वावर. वावरात संत्र्याचा बगीचा अन् बगीच्यात दोन खोल्यांचं घर. मैनाकाकू, म्हणजे त्यांची बायको, तीन वर्षांपूर्वी गेली. बगीचा ठेक्यानं दिलेला. बहार आला की व्यापाऱ्याची माणसं पंधरा दिवस येतात, फळ तोडतात, पेट्या भरतात अन् जातात. बाकीचं वर्ष काका अन् झाडं. त्यातही गंमत अशी की ज्यानं अर्ध्या तालुक्याच्या घरात लाईट नेली, त्याच्या या घराले घरगुती लाईन नाही. विहिरीवरच्या मोटारीले आहे, पण ती तिच्या मर्जीनं येते अन् तिच्या मर्जीनं जाते. म्हणून काकानं छपरावर दोन पॅनल टाकून घेतले. खाली एक बॅटरी, तीन दिवे, एक पंखा, एक लहानसा टीव्ही अन् मोबाईल चार्ज करायचं पिन.

त्यांची पोरगी नीलमताई अकोल्याले असते, दवाखान्यात नर्स आहे. आई गेल्यावर तिनं काकाले अकोल्याले नेलं होतं. काका महिनाभर राहिले अन् परत आले. मले सांगत होते, "तिसरा मजला. सकाळी दोघं ड्युटीवर जात, दार लावून. मी खिडकीत बसे. समोर बी खिडकी, तिथं कोणी नाही. एक डाव जुन्या शहरात गेलतो, पूल उतरून, तर परत येताना बिल्डिंगच सापडेना. सगळ्या सारख्याच." तर काकाले वावरातच राहायचं होतं. नीलमताईनं मोठ्या मुश्किलीनं हो म्हटलं, पण एक अट घातली. रोज संध्याकाळी सात वाजता ती फोन करणार. तो लागला पाहिजे. एक दिवस नाही लागला तर ती समजून घेईल. लागोपाठ दोन दिवस नाही लागला तर गाडी घेऊन येईल, सामान बांधेल अन् बापाले घेऊन जाईल. मंग परत यायचं नाव नाही.

म्हणजे हिशेब सरळ होता. काकाले इथं राहायचं तर मोबाईल चालू पाहिजे. मोबाईलले बॅटरी पाहिजे. अन् बॅटरी अन् मोबाईलच्या मधात होता नखाएवढा एक फ्यूज.

मी पहिल्यांदा गेली तेव्हा तर तोही नव्हता. ज्यानं पॅनल बसवले त्यानं फ्यूज लावलाच नव्हता, अन् काकानं आपल्या जुन्या सवयीनं भिंतीवर चिनीमातीचा किटकॅट, म्हणजे जुन्या घरातला फ्यूजचा ठोकळा, ठोकून त्यात तार गुंडाळली होती. लाईनमन लोकायची पद्धत असते, जुन्या वायरीच्या तारा सोलायच्या अन् बोटांवर मोजायच्या. एक तार दिव्याले, दोन पंख्याले, मोटार असली तर पीळ देऊन जितक्या बसतील तितक्या. काकानं पाच तारा पिळून टाकल्या होत्या. बॅटरीपासूनची वायर तापून तापून वितळायले आली होती, खोलीत जळका वास होता.

"काका," मी म्हटलं, "घर जाळायचं होतं का?"

"उडाला नाही ना पण," काका म्हणाले.

"उडालाच नाही तर तो फ्यूज कसला? घरातल्या लाईनीत ठिणगी पडली तर आपोआप विझते. हा बॅटरीचा करंट आहे, सरळ वाहते. एकदा ठिणगी धरली की सोडत नाही."

मंग मी त्यांच्यासमोर कागदावर मांडून दाखवलं. दिवे, पंखा, टीव्ही, मोबाईल, सगळं एका वेळी चालू केलं तर सात अँपिअर. तेवढ्याचाच फ्यूज लावला तर तो सारखा उडेल, म्हणून सव्वापट धरायचं. झालं पावणेनऊ. अन् वायर झेपवते वीस. फ्यूज वायरीपेक्षा कमी पाहिजे, कारण फ्यूज पंख्याले वाचवायले नसते, वायरीले वाचवायले असते. पावणेनऊच्या वर अन् वीसच्या बऱ्याच खाली. म्हणजे दहाचा. गाडीत असतात तसे पात्यांचे फ्यूज मिळतात, त्याले रंग असतात. दहाचा लाल, पंधराचा निळा, पाचचा खाकी. मी बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूजपेटी बसवली, त्यात लाल लावला अन् तीन लाल टेबलाच्या खणात ठेवून दिले. म्हटलं, कधी काळी उडालाच तर अर्ध्या मिनिटाचं काम आहे, जुना काढा, नवा दाबा.

हे सगळं त्यांना माह्यापेक्षा जास्त समजत होतं. तरी शाळेतल्या पोरासारखे ऐकत होते, मधात मधात विचारत होते, "मंग निळा काहून नाही? पंधरा बी वीसच्या खालीच हाय." मी म्हटलं, चालतो, पण जितका जवळचा लावला तितकं बरं. त्यांनी मान डोलावली अन् चहा ठेवला. मी नको म्हणत होती. चहा झाल्यावर फुटाणे काढले. फुटाणे झाल्यावर गंगूबाईची गोष्ट काढली.

गंगूबाई म्हणजे काकाच्या नोकरीच्या पहिल्या गावची एक म्हातारी. एकटी राहायची. दर आठ दिवसाले तिची कंप्लेंट यायची, फ्यूज उडाला. काका सायकल मारत जायचे. फ्यूज खरंच उडालेला असायचा. म्हातारी चहा करून ठेवायची, मंग पोराचं पत्र वाचायले द्यायची, मंग कोंबडीचं काहीतरी सांगायची. काकाचा तास-दीड तास जायचा. "मी जवान होतो," काका म्हणाले, "मले चीड यायची. एक दिवस तिच्या किटकॅटमदी अशी जाड तार टाकली की जन्मात उडू नये. त्यानंतर तिनं कधी बोलावलं नाही. मले बरं वाटलं होतं माय. लय बरं वाटलं होतं."

मी घड्याळात पाहत होती. वरूडले एका पंपाचं काम अडलं होतं. मी उठली.

दहा-बारा दिवसांनी फोन आला. फ्यूज उडाला. मी गेली, पाहते तर पेटीत जळलेला खाकी. मी म्हटलं, काका, मी लाल लावला होता, हा पाच कुठून आला? म्हणे, अकोल्याहून येताना पाकीट आणलं होतं, पेटी नव्हती म्हणून पडून होतं. "पण पाच काहून लावला?"

"हातात तोच आला," काका म्हणाले.

म्हातारं माणूस, म्हटलं चालते. लाल लावला, चहा घेतला अन् आली. पुन्हा आठ दिवसांनी फोन. पुन्हा खाकी. पुन्हा "हातात तोच आला." असं किती वेळा झालं ते आता सांगता नाही येत. पाचचा फ्यूज दिवे अन् पंखा कसाबसा धरतो, टीव्ही लावला की पाच-सात मिनिटांत जातो. अन् मी गेली की टीव्हीचं बटण नेमकं दाबलेलं असायचं. एक दिवस माहं डोकं फिरलं. मी खण उघडला, तर माहे तीन लाल जसेच्या तसे.

"काका, तुमाले हा खेळ वाटून राहिला का? चार किलोमीटर येते मी, चार जाते. दुकान बंद ठेवून येते. लाल खणात पडून आहेत अन् तुमी खाकी कोंबता, अन् उडाला की मले बोलावता. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. तुमाले येत नाही का?"

काका चुलीजवळ उभे होते, हातात चहाची गाळणी. ती खाली ठेवून म्हणाले, "येते ना. पण कंप्लेंट दिल्यावर आपण हात नाही लावत माय. ज्याच्याकडे कंप्लेंट दिली त्यानं येऊन पाहावं. नियम हाय तो. अन् खोटी कंप्लेंट मी कधी दिली नाही. फ्यूज उडाला तेव्हाच तुले फोन केला."

हे ऐकूनही मले समजलं नाही. इतकी मी हुशार. मी तरातरा निघून आली, चहा तसाच ठेवून.

त्यानंतर पंधरा दिवस काही नाही. मंग एका सोमवारी फोन आला. आवाज जरा भीतभीत. "माय, फ्यूज उडाला." मी वरूडच्या एका शाळेवर होती, छपरावर, ऊन डोक्यावर, खाली हेडमास्तर उभे. म्हटलं, "येते काका." नाही गेली. मंगळवारी पुन्हा फोन. "घाई नाही, पण येतेस ना?" मी म्हटलं, "येते म्हटलं ना एकदा." बुधवारी फोन आला नाही. मले बरं वाटलं. हा शब्द मी मुद्दाम लिहून राहिली. बरं वाटलं. म्हटलं, लावला असेल म्हाताऱ्यानं स्वतःच, उशिरा का होईना अक्कल आली.

गुरुवारी संध्याकाळी सव्वासातले नीलमताईचा फोन. "दीपमाला, काल बाबाचा फोन लागला नाही, आजही बंद आहे. तू जाऊन पाहून ये. तिकडे काय असेल ते असो, मी सकाळी गाडी घेऊन निघते."

मी कशी गेली ते मलेच माहीत. चार किलोमीटरात काय काय डोळ्यासमोर आलं. बगीच्याच्या तोंडाशी गाडी टाकली अन् पळत गेली. घर अंधारात. अंगणात खाटेवर काका बसलेले, अगदी शांत, हात मांडीवर. मले पाहून उठले अन् म्हणाले, "आलीस? बस. चहा ठेवतो."

माह्या जिवात जीव आला अन् लगेच राग आला. "काका, फोन बंद काहून?"

"चार्जिंग संपली मंगळवारी रात्री."

"अन् फ्यूज?"

"उडाला हाय ना. सांगितलं होतं तुले."

"खणात लाल आहेत तीन."

काकानं सदऱ्याच्या खिशात हात घातला अन् माह्यासमोर धरला. माह्या मोबाईलच्या उजेडात पाहिलं, तिन्ही लाल फ्यूज त्यांच्या तळहातावर होते. तीन दिवस तो माणूस फ्यूज खिशात घेऊन अंधारात बसला होता.

"मंग लावला काहून नाही?" मी विचारलं.

"तू येते म्हणाली होती," काका म्हणाले.

कोणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं मले. मी आत गेली, खाकी काढला, लाल दाबला. दिवा लागला, पंखा फिरला. काकाचा मोबाईल चार्जिंगले लावला अन् चालू झाल्याबरोबर नीलमताईले फोन लावला. तिले सांगितलं, ताई, काका चांगले आहेत, चूक माही आहे, मी चार दिवस येते येते म्हणत राहिली. ती पलीकडून म्हणाली, "चूक कोणाची का असेना. दोन दिवस मी काय काय डोळ्यासमोर आणलं ते तुले नाही समजायचं. अट ठरली होती. बाबाले सांग, कपडे भरून ठेवा." ती चुकली असं मी आजही म्हणत नाही. तिचा बाप आहे. मी फोन काकाकडे दिला. ते नुसतं "हो, हो" म्हणत होते. माह्याविरुद्ध एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

सकाळी मी पुन्हा गेली. नीलमताईची गाडी आली, एक बॅग, एक गाठोडं, मैनाकाकूचा फोटो. काकानं घराले कुलूप लावलं अन् किल्ली माह्या हातात दिली. "महिन्यातून एक डाव बॅटरीत पानी टाकत जा. कोरडी पडू देऊ नको." बस, एवढंच. गाडीत बसताना झाडांकडे पाहिलंही नाही.

अकोल्याहून त्यांचा एकदाच फोन आला. मी विचारलं, कसे आहात. म्हणाले, "मी ठीक. इथं फ्यूजच नाहीत माय. पेटीत खटके हायेत, पडले तर वर करायचे. ते बी पडत नाहीत. इथं काई कंप्लेंटच नाही." मी म्हटलं, तब्येत सांभाळा. त्यानंतर फोन नाही.

एक महिना गेला. दुसरा गेला. दुकानात फोन वाजला की मी नाव पाहायची अन् मंग उचलायची. मले त्यांची आठवण येत होती, सरळ सांगते. माह्या घरीही तसं कोणी नाही. आई होती तोवर होती. दिवसभर लोक येतात ते पंप बंद पडला, बॅटरी चढत नाही असं सांगायले येतात. माह्यासाठी चहा करून, फुटाणे काढून, माणूस येण्याची वाट पाहणारा अख्ख्या घाटात एकच होता, अन् मी त्याच्या चहाले नको म्हणत आली.

दुसऱ्या खेपेले बॅटरीत पाणी टाकायले गेली. खणात डिस्टिल वॉटरची बाटली शोधत होती तर खालून एक वही निघाली. काकानं नोकरीतल्यासारखी आखली होती. तारीख, वेळ, कंप्लेंट, कोण आलं, अन् शेवटचा रकाना, किती वेळ. प्रत्येक ओळीत तेच. फ्यूज उडाला. दीपमाला. पाऊण तास, चहा. दीपमाला. एक तास दहा मिनिटं, चहा दोनदा. दीपमाला. वीस मिनिटं, घाईत होती. एका ओळीत फक्त, रागावली, चहा राहिला. शेवटची ओळ त्या सोमवारची. फ्यूज उडाला, सकाळी अकरा. पुढचे दोन रकाने कोरे.

मी तिथंच खाली बसली. किती वेळ बसली माहीत नाही. रडली, खोटं कशाले बोलू.

मंग उठली. अकोल्याच्या पाकिटात अजून दोन खाकी होते. लाल काढला अन् पाचचा खाकी दाबला. तिन्ही दिवे लावले भर दुपारी, पंखा लावला, टीव्ही लावला. समोर उभी राहिली. पाच मिनिटं झाली, सहा झाली, अन् टीव्ही बंद पडला, पंख्याचं पातं हळूहळू थांबलं. मी पेटी उघडून पाहिलं. खाकीतली तार तुटली होती, खरंखुरी. मंग मी फोन लावला.

"काका, दीपमाला बोलते. तुमच्या वावरातल्या घराची कंप्लेंट आहे. फ्यूज उडाला."

पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली. मंग काका म्हणाले, "किती वाजता?"

"आत्ता. सव्वाबारा."

"थांब, लिहून घेतो." कागद शोधल्याचा आवाज आला. "कोन्ता होता?"

"पाचचा."

"तिथं दहाचा असते. तूच सांगितलं होतं मले, कागदावर मांडून. पाच काहून लावला?"

मी आवाज सरळ ठेवला. म्हटलं, "हातात तोच आला, काका."

पलीकडून कागदावर पेन चालल्याचा आवाज आला. मंग हळूच म्हणाले, "नीलमले सांगतो. कंप्लेंट आली हाय, जावं लागते. सकाळच्या गाडीनं अमरावती, तिथून वरूड. दुपार होईल." अन् लगेच म्हणाले, "मी येतपर्यंत कोनी हात नाही लावायचा."

"नाही लावत," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं नाही. अकरा वाजताच वावरात गेली, अंगण झाडलं, चूल पेटवली अन् चहाचं पाणी ठेवलं.